दोन एक्स्प्रेशन 'सारखी' आहेत का? ते तपासणाऱ्या फंक्शनचं डॉक्युमेंटेशन कसं लिहायचं

सिम्बॉलिक गणिताच्या, म्हणजे नुसत्या आकड्यांऐवजी क्ष, य अशा चिन्हांची एक्स्प्रेशन (राशी) हाताळणाऱ्या लायब्ररीत सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो हे दोन सारखे आहेत का असं तपासणाऱ्या फंक्शनवरून, आणि बऱ्याचदा कोड बरोबरच असतो, लिहिलेली माहिती अपुरी असते. पायथनमधली सिमपाय उदाहरणाला घेऊ, फुकट आहे, लगेच करून बघता येतं.

सगळ्यात आधी सारखं म्हणजे नक्की काय ते ठरवा. सिमपायमध्ये डबल इक्वल टू (==) फक्त रचना बघतं, म्हणून (क्ष + १)² आणि क्ष² + २क्ष + १ यांना ते सरळ फॉल्स देतं. इक्वल्स (equals) ही मेथड गणित बघते, तिथे ट्रू येतं. ईक्यू (Eq) तिसरंच, ते मुळात समीकरण बनवायला आहे. आता गंमत बघा, क्ष + य आणि य + क्ष हे डबल इक्वल टूलाही सारखेच वाटतात, कारण बेरीज तयार होतानाच पदं ठरलेल्या क्रमाने लावली जातात, आणि हे लिहिलं नाही तर वाचणाऱ्याला वाटतं की याला बीजगणित येतं. म्हणून डॉकस्ट्रिंगच्या (फंक्शनच्या कोडमध्येच लिहिलेल्या त्याच्या माहितीच्या) पहिल्या ओळीत 'समान असतील तर ट्रू' एवढंच लिहून थांबू नका, रचनेने समान की किमतीने समान ते तिथेच सांगा.

मग उत्तरं किती ते लिहा, आणि इथे अजिबात घाई करू नका. इक्वल्स तीन उत्तरं देते: ट्रू, फॉल्स आणि नन (None), म्हणजे ठरवता आलं नाही. हा काही आळशीपणा नाही, गणितज्ञ रिचर्डसनने १९६८ मध्येच दाखवलंय की साइन, एक्स्पोनेन्शियल, ॲब्सोल्यूट व्हॅल्यू वगैरे आले की एखादं एक्स्प्रेशन शून्य आहे का हे प्रत्येक वेळी सांगणारी पद्धत असूच शकत नाही. पण लोक हे उत्तर थेट इफमध्ये टाकतात आणि पायथन ननला फॉल्ससारखंच वागवतं, झालं, 'माहीत नाही'चं 'नाही' झालं! म्हणून उदाहरणात इज ट्रू (is True), इज फॉल्स (is False) असं लिहून दाखवा. आणि डॉकटेस्टमध्ये (डॉक्युमेंटेशनमधली उदाहरणं चालवून उत्तर जुळतं का ते बघणारं पायथनचं टूल) ननचं उदाहरण देताना प्रिंट लावाच, नाहीतर प्रॉम्प्टखाली काहीच उमटत नाही, टेस्ट पास होते आणि वाचणाऱ्याला नुसती रिकामी जागा दिसते.

तुमची लायब्ररी रीरायटिंगवाली असेल, म्हणजे नियम लावत लावत शेवटचं रूप काढून दोन्ही रूपं ताडून बघणारी, तर 'नाही' या उत्तराचा अर्थ वेगळा लिहा. नियम कधीतरी थांबतात आणि कुठल्याही क्रमाने लावले तरी एकाच रूपाला पोचतात अशी खात्री असेल तरच रूपं वेगळी म्हणजे मूळ एक्स्प्रेशन त्या नियमांप्रमाणे वेगळी (अशी नियमावली तयार करायची नूथ–बेंडिक्स पद्धत १९७० पासून आहे, पण ती प्रत्येक वेळी यशस्वी होतेच असं नाही). खात्री नसेल तर स्पष्ट लिहा की रूपं जुळली तर सारखी, नाही जुळली तर काहीच सिद्ध होत नाही.

गृहीतकंही सांगा. √(क्ष²) आणि क्ष सारखे कधी, तर क्ष ऋण नसेल तेव्हा. आणि सिमपायमध्ये एक साधा क्ष आणि एक धन म्हणून जाहीर केलेला क्ष, नाव एकच असलं तरी दोन वेगळी चिन्हं आहेत, छापल्यावर हुबेहूब सारखी दिसतात, त्यामुळे हे उदाहरण तर द्याच.

वागणूक बदलली की व्हर्जनची नोंद करा. सिमपाय १.१३ पासून, म्हणजे २०२४ पासून, फ्लोट (दशांश) ०.५ आणि रॅशनल (अपूर्णांक) १/२ डबल इक्वल टूने सारखे येत नाहीत, आधी यायचे, आणि जुना कोड वापरणारा माणूस ही नोंद नसेल तर बग शोधत बसतो.

वेळेबद्दलही एक ओळ टाका, इक्वल्स आतून सिम्प्लिफाय करते, आकडे टाकूनही बघते, मोठ्या एक्स्प्रेशनवर रेंगाळू शकते. शेवटी 'हेही पहा'मध्ये बाकीच्या तपासण्यांची नावं द्या, प्रत्येकीपुढे ती कधी वापरायची हे अर्ध्या ओळीत, आणि सगळी उदाहरणं डॉकटेस्टमधून चालवूनच कमिट करा.