दोन स्टेजच्या मधलं मॅचिंग: बोर्ड फॅबला पाठवायच्या आधीची तयारी

आकाशातल्या हायड्रोजनच्या रेडिओ लाइनसाठी, म्हणजे 1420.4 मेगाहर्ट्झवर, दोन स्टेजचा लो नॉइज ॲम्प्लिफायर (स्वतःचा नॉइज कमीत कमी घालून सिग्नल वाढवणारा) करायला घेतला की सगळे इनपुटच्या मॅचिंगवर, म्हणजे तिथले इम्पीडन्स जुळवण्यावर, जीव ओततात, आणि ते बरोबरच आहे, पण दोन ट्रान्झिस्टरच्या मधल्या त्या दीड-दोन सेंटीमीटर जागेचा विचार अगदी शेवटी होतो आणि बोर्ड नेमकं तिथेच फसतं. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटरच्या डिश हीच लाइन बघतात, आपला हॉर्न अँटेना मीटरभराचा, सिग्नल मुळातच एवढासा, तो मधल्या मध्ये सांडून कसं चालेल. म्हणून फाइल फॅबला, म्हणजे बोर्ड बनवणाऱ्या कारखान्याला, पाठवायच्या आधी काय काय हाताशी हवं ते सांगतो.

सगळ्यात आधी दोन्ही ट्रान्झिस्टरच्या एस2पी फाइल (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती सिग्नल परत येतो आणि किती पुढे जातो याची मापं, म्हणजे एस-पॅरामीटर), आणि त्या तुम्ही खरंच देणार आहात त्याच बायसच्या, म्हणजे त्याच डीसी व्होल्टेज-करंटच्या. 3 व्होल्ट 60 मिलीअँपची फाइल घेऊन डिझाइन केलं आणि बोर्डावर 30 मिलीअँप दिले तर एस22 (आउटपुटचं परावर्तन) वेगळा, गेन वेगळा, सगळं गणित वेगळं. फाइलच्या वरच्या कॉमेंटच्या ओळी वाचा, माप पॅकेजच्या पायापाशी घेतलंय का, सोर्सचे (ट्रान्झिस्टरच्या ग्राउंडला जाणाऱ्या पायाचे) व्हाया, म्हणजे बोर्डातून ग्राउंडला जाणारी तांब्याची भोकं, त्यात धरलेत का हे बऱ्याचदा तिथे लिहिलेलं असतं. धरले नसतील तर ते तुम्हीच सिम्युलेशनमध्ये टाकायचे. 1.6 मिमी जाडीच्या बोर्डात 0.3 मिमीचा एक व्हाया साधारण 1.3 नॅनोहेन्री धरतो, म्हणजे या फ्रिक्वेन्सीला जवळजवळ 12 ओम, आणि हे सोर्समध्ये बसलं की इनपुट, गेन, स्टॅबिलिटी तिन्ही हलतात.

मग ठरवायचं की मध्ये कोण बसणार आहे. पहिल्या स्टेजनंतर सॉ फिल्टर (ठरावीक बँडच पुढे सोडणारा तयार फिल्टर) टाकणार असाल (शहरात राहत असाल तर टाकाच, 900 आणि 1800 चे मोबाइल टॉवर दुसऱ्या स्टेजला झोपवतात) तर फिल्टर 50 ओमसाठी बनवलेला असतो, त्याच्या दोन्ही बाजूंना 50 ओमच दिसायला हवेत, तिथे पर्याय नाही. पण मध्ये काहीच नसेल तर 50 ओमला जायची सवय सोडा. समजा पहिल्याचं आउटपुट 40 ओम आणि दुसऱ्याचं इनपुट 10 ओम, रिॲक्टन्स तूर्तास बाजूला ठेवू. 10 वरून 50 आणि 50 वरून परत 40 असं गेलात तर दोन नेटवर्क लागतात आणि त्यातल्या एकाचा क्यू 2 (क्यू जितका जास्त तितकी बँडविड्थ कमी). थेट 10 वरून 40 केलं तर एकच एल सेक्शन (एक इंडक्टर, एक कॅपॅसिटर), क्यू 1.73, पार्ट निम्मे. बँडविड्थ आणखी हवी असेल तर मध्ये 20 ओमचा टप्पा घेऊन दोन सेक्शन करा, प्रत्येकाचा क्यू 1.

एल सेक्शनमध्ये मला हाय-पासच आवडतो, म्हणजे ड्रेनपाशी (ट्रान्झिस्टरच्या आउटपुटच्या पायापाशी) ग्राउंडकडे जाणारा शंट इंडक्टर आणि पुढे सिरीज कॅपॅसिटर. वरच्या आकड्यांना इंडक्टर साधारण 2.6 नॅनोहेन्री आणि कॅप 6.5 पिकोफॅरड येतो. इंडक्टरमधूनच ड्रेनला सप्लाय जातो, कॅपच डीसी ब्लॉकचं काम करतो, वेगळा चोक नको, आणि ट्रान्झिस्टरचा गेन ऑक्टेव्हला 6 डीबीच्या आसपास उतरतो म्हणून खाली जो नको तेवढा गेन असतो तो हे नेटवर्क दाबून ठेवतं. पण एक लक्षात ठेवा, त्या इंडक्टरचं थंड टोक बायपास कॅप आणि व्हायामधून ग्राउंडला जातं, 2.6 च्या इंडक्टरमागे 1.3 चा व्हाया आला तर किंमत निम्म्याने वाढली की! म्हणून तिथे दोन-तीन व्हाया शेजारी शेजारी हवेत, किंवा बोर्ड 0.8 मिमीचं घ्या, मग एक व्हाया अर्ध्या नॅनोहेन्रीच्या आसपास येतो. जे उरेल ते मॉडेलमध्ये धरून इंडक्टर तेवढा कमी करा.

मधलं मॅचिंग काढायचा क्रम पण आधी कागदावर लिहून ठेवा कारण इथे फार जण चुकतात. आधी इनपुट ठरवायचं, पहिल्या ट्रान्झिस्टरला नॉइजसाठी जो सोर्स इम्पीडन्स हवा तो द्यायचा, मग तो इम्पीडन्स लावलेला असताना आउटपुटला काय दिसतं ते काढायचं. नुसता फाइलमधला एस22 घ्यायचा नाही, तो इनपुटला 50 ओम असतानाचा आहे. दुसऱ्या स्टेजचंही तसंच, तिचा शेवटचा लोड ठरला की मगच तिचं इनपुट कळतं. मधलं नेटवर्क बसलं की परत पहिल्याचं इनपुट तपासा, एस12 मुळे (आउटपुटकडून इनपुटकडे उलट्या गळतीमुळे) थोडं हललेलं असतंच, दोन-तीन फेऱ्या होतात.

स्टॅबिलिटी मात्र मॅचिंगच्या आधी, आणि प्रत्येक स्टेजची वेगळी. म्यू (स्टॅबिलिटीचा आकडा) एकच्या वर पाहिजे, 50 मेगाहर्ट्झपासून फाइल संपेपर्यंत, नुसतं 1420 ला बघून काही कळत नाही. दोन्ही स्टेज जोडून काढलेला के फॅक्टर (स्टॅबिलिटीचाच दुसरा आकडा) फसवा असतो, कारण पूर्ण साखळीचा एस12 इतका बारीक असतो की के छान मोठा दिसतो आणि आत मधल्या जोडावर ऑसिलेशन चालू असतं. माझं एक बोर्ड असंच गेलं, बाहेरून के पंचवीसच्या वर आणि स्पेक्ट्रम ॲनालायझरवर 300 मेगाहर्ट्झला ठळक रेघ. बायसच्या वाटेत खालच्या फ्रिक्वेन्सीला काही लॉसच नव्हता, इंडक्टरच्या मागे 47 ओम आणि मोठा कॅप टाकल्यावर रेघ गेली, पण त्यासाठी ट्रॅक कापावा लागला, महिना वाया गेला. तुम्ही ती जागा लेआउटमध्येच ठेवा. मध्ये सॉ फिल्टर असेल तर हे अजून गरजेचं, बँडच्या बाहेर तो जवळजवळ सगळं परत फेकतो, पहिल्या स्टेजला तिथे शॉर्टपासून ओपनपर्यंत काहीही दिसू शकतं.

लॉस टाकायला घाबरू नका, फक्त कुठे टाकताय ते बघा. पहिल्या स्टेजचा गेन 16 डीबी म्हणजे 40 पट, दुसरीचा नॉइज फिगर 1.5 डीबी, तर दुसरी स्टेज एकूण नॉइजमध्ये 3 केल्विन घालते (नॉइज इथे तापमानात मोजतात). मध्ये 2 डीबी लॉस आला तर ते 9 केल्विन होतं. तोच लॉस इनपुटला फक्त अर्धा डीबी आला तरी त्याचे एकट्याचे 35 केल्विन. म्हणून ड्रेनमध्ये 10 ओमचा रेझिस्टर मधल्या जागेत बिनधास्त चालतो, इनपुटला अजिबात नाही.

पार्ट आधी मागवा, बोर्ड येईपर्यंत थांबू नका. कॅप सी0जी (तापमानाने किंमत जवळजवळ न हलणारे) आणि 0.1 पिकोफॅरड किंवा त्याहून कमी टॉलरन्सचे, बाजारातून सुटे आणलेले, मेकर माहीत नसलेले कॅप सप्लायच्या बायपासला वापरा पण मॅचिंगला नको. नुसती एकच किंमत न घेता आजूबाजूच्या दोन-दोन किमती घ्या. साध्या एफआर4 वर (नेहमीच्या फायबरग्लासच्या बोर्डावर) इथे चालतं, फक्त इनपुटची लाइन जेवढी आखूड करता येईल तेवढी करा. एफआर4 वर 1 मिमी ट्रॅक म्हणजे या फ्रिक्वेन्सीला 3 डिग्री, त्यामुळे पॅडपासून पॅडपर्यंतचा प्रत्येक मिलिमीटर सिम्युलेशनमध्ये आला पाहिजे.

आणि मोजायची सोय. मधल्या जोडावर नंतर प्रोब लावता येत नाही, म्हणून त्याच पॅनेलवर प्रत्येक स्टेजचं एकेक छोटं वेगळं बोर्ड घ्या, दोन्हीकडे एसएमए कनेक्टर लावलेलं, शिवाय एक नुसतं थ्रू (मध्ये पार्ट नसलेली सरळ लाइन) आणि एक शॉर्ट, कॅलिब्रेशन थेट पॅडपर्यंत नेता येतं. खर्च थोडासाच वाढतो. स्वस्तातल्या व्हीएनएची (एस-पॅरामीटर मोजणाऱ्या यंत्राची) पॉवर बऱ्याचदा −10 डीबीएमच्या आसपास असते आणि दोन्ही स्टेज मिळून गेन 30 च्या वर, तेव्हा इनपुटला 20 आणि आउटपुटला 20 डीबीचे ॲटेन्युएटर लावून मगच थ्रू कॅलिब्रेशन करा, नाहीतर कॉम्प्रेशनमधला, म्हणजे जास्त सिग्नलने दबलेला, गेन मोजाल. ॲटेन्युएटर असताना एस11 वर (इनपुटच्या परावर्तनावर) फार विसंबू नका, तो एकट्या पहिल्या स्टेजच्या बोर्डवर, पॉवर खाली आणून, वेगळा घ्या.

बोर्ड आलं की आधी करंट लिमिट लावून सप्लाय द्या, इनपुटला 50 ओमचं टर्मिनेशन ठेवा आणि आउटपुट स्पेक्ट्रम ॲनालायझरवर शून्यापासून जेवढं वर जाता येईल तेवढं बघा, मग टर्मिनेशन काढून इनपुट उघडं ठेवून एकदा, शॉर्ट करून एकदा. तिन्ही वेळा कुठेही रेघ दिसली नाही तरच व्हीएनए जोडा आणि मधला कॅप 6.2, 6.8 असा बदलून गेन कुठे जास्तीत जास्त येतो ते वहीत मांडा.