खडकाळ किनाऱ्यावर विद्यार्थ्यांना नेताना या चुका टाळा

किनाऱ्याची सहल शाळेच्या वेळापत्रकावरून ठरवणे, ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. बस दहाला मिळते, डबे एकला खायचे असतात, म्हणून अकरा ते एक ही वेळ कागदावर पक्की होते आणि त्या दिवशी तिथी कोणती आहे, हे कोणीच पाहत नाही. मुंबईतल्या एका शाळेने सातवीचे दोन वर्ग ऐन पौर्णिमेला साडेअकराच्या सुमारास वांद्र्याच्या कार्टर रोडच्या किनाऱ्यावर आणले, तेव्हा मी मदतीला गेलो होतो. उधाणाची, म्हणजे पौर्णिमा-अमावस्येच्या सुमारास येणारी सर्वांत मोठी, भरती होती. कालवे, समुद्रफुले (फुलासारखे दिसणारे प्राणी) आणि शंखातले खेकडे ज्या खडकांवर पाहायचे, ते सगळे पाण्याखाली होते. मुलांनी कट्ट्यावर बसून, शिक्षकांनी सांगितलेली नावे छापील तक्त्यांत भरली आणि तीच पुढे अहवालात ‘प्रत्यक्ष निरीक्षणे’ म्हणून गेली. सहल फुकट गेली याचे मला तितके दुःख नाही. न पाहिलेले पाहिले म्हणून लिहायचे असते, हे त्या मुलांना त्या दिवशी शिकवले गेले, याचा मला आजही राग येतो.

वास्तविक किनाऱ्यावरचा कोणीही जुना माणूस हा हिशेब तोंडी सांगतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी, सकाळी नऊला, पूर्ण ओहोटी. शाळेसाठी तृतीया आणि चतुर्थी मला सर्वांत सोयीच्या वाटतात, मग पक्ष कोणताही असो. कारण उधाणाचा जोर तेव्हा टिकून असतो, पाणी खूप आत जाते आणि ऊनही चढलेले नसते. अष्टमीला ओहोटी दुपारी बारालाच येते, पण तेव्हा भांग, म्हणजे पाण्याचा चढ-उतार सर्वांत कमी, असल्यामुळे खालचे खडक फारसे उघडे पडत नाहीत. हा हिशेब मुंबई-अलिबागकडचा आहे. रत्नागिरीकडे भरती याच्या बरीच आधी येते, त्यामुळे तारीख नक्की करण्यापूर्वी भरती-ओहोटीचा तक्ता पाहावा आणि तिथल्या कोळ्यांना विचारावे.

दुसरी चूक दगडांची. उत्साही शिक्षक ‘दगडाखाली शोधा’ असे सांगून मोकळे होतात आणि अर्ध्या तासात सगळा किनारा उलटापालटा होतो. दगडाच्या खालच्या अंगाला सावलीत आणि ओलाव्यात नारिंगी स्पंजाचा थर, शंखांची अंडी, नखाएवढे खेकडे असे सगळे चिकटून राहिलेले असते. ते उन्हात उघडे पडले की वाळून मरते आणि वरच्या अंगाचे शेवाळ खाली दबून कुजते. माझा शिरस्ता असा आहे की, ज्याने दगड उचलला त्याने तो हातातून सोडायचाच नाही. बाकीच्यांनी वाकून पाहायचे आणि मिनिटभरात दगड त्याच खाचेत, त्याच बाजूने परत ठेवायचा. यात वेळ जातो आणि तासाभरात पाच-सहाच दगड पाहून होतात. तेवढे पुरेसे असतात.

प्राणी बाटलीत भरून शाळेत नेऊ नयेत. जिवंत प्रवाळाला तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 चे संरक्षण आहे. शंकूच्या आकाराचा जिवंत शंख उचलू नये, त्याचा दंश विषारी असतो. अनवाणी किंवा स्लिपर घालून खडकांवर उतरू देऊ नये; कालवांच्या कडांनी पाय कापतात आणि शेवाळावरून स्लिपर घसरते.

नाव सांगण्याची घाई नवे शिक्षक फार करतात, आणि आता तर फोटो काढून ॲपला विचारण्याची सोय झाली आहे. नाव मिळाले की मूल पुढे निघते. त्याऐवजी मी सुतळीचा अर्ध्या मीटरचा चौकोन देतो; तो एकदा भरतीरेषेजवळ, एकदा मध्ये आणि एकदा पाण्यालगत ठेवून त्यात काय काय आहे ते मोजायला आणि चित्र काढायला सांगतो. वरच्या चौकोनात बारीक शंख आणि बार्नेकल (खडकाला चिकटून राहणारे कवचाचे प्राणी), खालच्या चौकोनात समुद्रफुले आणि स्पंज, असा फरक मुलांना आपोआप दिसतो आणि ‘असे का?’ हा प्रश्न त्यांच्याकडूनच येतो.

परत फिरण्याची वेळ मुलांच्या उत्साहावर सोडू नये. ओहोटी पूर्ण होण्याच्या दोन तास आधी उतरावे, उतरणाऱ्या पाण्यामागे हळूहळू खाली जावे आणि पाणी फिरताच सगळ्यांना वर घ्यावे. भरतीच्या सहा तासांतले जवळजवळ निम्मे पाणी मधल्या दोन तासांत चढते आणि खडकांमधल्या घळी मागच्या बाजूने आधी भरतात, म्हणून आठ-दहा मुलांमागे असलेल्या एका मोठ्या माणसाने पाठ किनाऱ्याकडे न करता समुद्राकडेही न करता आडवे उभे राहावे, म्हणजे दोन्हीकडचे पाणी त्याच्या नजरेत राहते.