कादंबरीचे हस्तलिखित नव्या सॉफ्टवेअरमध्ये आणताना

तीनशे पानांची सलग फाइल नव्या लेखन-सॉफ्टवेअरमध्ये प्रसंगवार मांडायची म्हटली, की कापून-चिकटवण्यातच दिवस जातात आणि सॉफ्टवेअर पारखायचे राहून जाते. स्क्रिव्हनर वापरून पाहणार असाल, तर हे काम काही मिनिटांत उरकते.

१. मूळ फाइलला हात न लावता तिची प्रत करावी आणि त्या प्रतीत जिथे जिथे नवा प्रसंग सुरू होतो, तिथे स्वतंत्र ओळीवर केवळ # हे चिन्ह टाकावे. प्रसंगांमध्ये आधीपासून तीन तारका असतील, तर ‘शोधा आणि बदला’ने ते एका फटक्यात होते.

२. फाइल मेनूतील ‘इम्पोर्ट अँड स्प्लिट’ निवडून ही प्रत आत घ्यावी. प्रत्येक प्रसंग वेगळा दस्तऐवज होऊन डावीकडच्या यादीत येतो आणि ओढून वर-खाली हलवता येतो.

३. लगेचच ‘कंपाइल’ करून सगळा मजकूर वर्डच्या फाइलमध्ये बाहेर काढावा आणि तळटीपा, तिरपा मजकूर व जोडाक्षरे शाबूत आहेत ना, हे ताडून पाहावे. माझ्या मते खरी परीक्षा हीच, कारण मजकूर आत घेण्यास कोणतेही सॉफ्टवेअर तत्पर असते.

चाचणी-आवृत्तीचे ३० दिवस प्रत्यक्ष वापराचेच मोजले जातात, त्यामुळे मध्ये खंड पडला तरी घाई करण्याचे कारण नाही. मात्र प्रकल्प क्लाउडच्या फोल्डरमध्ये ठेवला असेल, तर तो एकाच वेळी दोन संगणकांवर उघडू नये.