उंदराचा एमआरआय: प्रतिमा बिघडते ती बटण दाबण्याआधी

मी सुटीत नाशिकला आले की गंगापूर रोडवर भेटणारे फार्मसीचे आणि भौतिकशास्त्राचे विद्यार्थी हमखास विचारतात, की प्राण्यांवरील एमआरआय संशोधनात उतरायचे तर आधी काय शिकावे. त्यांना एखाद्या सॉफ्टवेअरचे नाव अपेक्षित असते; मी मात्र आधी उंदराला नीट भूल द्यायला आणि उबदार ठेवायला शिका, असे सांगते.

माणसाच्या मेंदूसाठी १ मिलिमीटर बाजूचा व्हॉक्सेल (प्रतिमेचा सर्वात छोटा घनठोकळा) चालतो, पण उंदराचा अख्खा मेंदूच जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा असल्यामुळे ०.१ मिलिमीटरपर्यंत उतरावे लागते, आणि तेवढ्याने व्हॉक्सेलचे आकारमान हजारपटीने घटते आणि त्यातून मिळणारा सिग्नलही तसाच क्षीण होतो. ७ किंवा ९.४ टेस्लाचे (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) चुंबक आणि डोक्याला लागून बसणारी, सिग्नल टिपणारी छोटी कॉइल ही तूट बरीच भरून काढतात. उरलेली तूट तेच मोजमाप पुन्हा पुन्हा घेऊन त्यांची सरासरी काढून भरू, असा माझा पहिल्या वर्षीचा समज होता. परंतु सिग्नल-नॉइज गुणोत्तर, म्हणजे सिग्नल गोंगाटाच्या किती पट आहे ते, दुप्पट करायला वेळ चौपट लागतो, आणि तेवढा वेळ आत एक जिवंत, श्वास घेणारा, हळूहळू थंड पडत जाणारा जीव असतो.

एका संध्याकाळी प्रतिमेत मेंदूच्या कडा फेज एन्कोडिंगच्या दिशेने (प्रतिमेची जी दिशा टप्प्याटप्प्याने, सावकाश नोंदवली जाते त्या दिशेने), ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा उमटल्या. मी तासभर ग्रेडियंटला, म्हणजे जागा ओळखण्यासाठी चुंबकीय क्षेत्र बदलणाऱ्या यंत्राच्या भागाला, दोष देत बसले. प्रत्यक्षात उंदराचे डोके धरून ठेवणारी दातपट्टी ढिली राहिली होती आणि प्रत्येक श्वासागणिक डोके किंचित हलत होते. छाया नियमित अंतराने पडत असतील तर आधी श्वासाकडे पाहावे, हे तेव्हा कळले.

भूल उथळ असेल तर उंदीर हलतो आणि फार खोल गेली तर आचके देत श्वास घेतो, म्हणून आयसोफ्लुरेन या भुलीच्या औषधाचे प्रमाण श्वासाचा आलेख पाहतच कमी-जास्त करावे लागते. शरीराचे तापमान ३७ अंशांच्या आसपास राखावे. कॉइलचे ट्यूनिंग प्राणी आत ठेवल्यावरच करावे, कारण त्याच्या शरीरामुळे तिची वारंवारता सरकते. कानातील हवेमुळे शेजारच्या भागातला सिग्नल गळतो. तेथे शिमिंगला, म्हणजे चुंबकीय क्षेत्र एकसारखे करण्याला, घाई करू नये.

सकाळी पहिला स्कॅन मात्र उंदराचा नव्हे, फँटमचा, म्हणजे यंत्र तपासण्यासाठीच्या नमुन्याचा, घ्यावा. आमच्या फँटममध्ये पाण्यात विरघळवलेले मोरचूद असते, तेच जे निफाडच्या आमच्या द्राक्षबागेत बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकासाठी पोत्याने येते. त्याचे सिग्नल-नॉइज गुणोत्तर मी रोज वहीत लिहिते. दुपारी प्रतिमा बिघडली, की दोष यंत्राचा की माझ्या मांडणीचा, हे त्या आकड्यावरून लगेच ठरवता येते. आजवर तो बहुतेकदा माझ्या मांडणीचाच निघाला आहे.