गीतकार व्हायचंय? मग आधी चालीवर लिहायला शिका

'कविता करतो, सिनेमासाठी गाणी लिहायची आहेत, सुरुवात कुठून करू?' असं विचारणारी मुलंमुली मला सतत भेटतात. मी मराठीत गाणी लिहिते, जोडीला मालिकांचे संवाद लिहिते आणि त्यावर माझं घर चालतं. म्हणून जे सांगते आहे ते या व्यवसायात रोज उपयोगी पडणारं आहे.

'दोन वर्षांत सिनेमात गाणं' असं ध्येय ठेवू नका. गाणं सिनेमात राहणार की संकलनात कापलं जाणार, हे दिग्दर्शक, निर्माता आणि संगीत कंपनी ठरवते. पुरी झालेली गाणी मात्र आपल्या हातात असतात. दर आठवड्याला एक गाणं, मुखडा (म्हणजे ध्रुवपद) आणि दोन अंतरे (म्हणजे कडवी), ठरलेल्या वारी पुरं करायचं, एवढंच पहिल्या वर्षाचं ध्येय ठेवा. ही शिस्त नवशिक्यांपुरती आहे असं समजू नका. गीतरामायण १९५५च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक गीत या हिशोबानं वर्षभर चाललं आणि त्यातून छप्पन्न गीतं उभी राहिली. ती लिहिणारे गदिमा, म्हणजे ग. दि. माडगूळकर, तेव्हा सिनेमात मुरलेले लेखक होते, तरी प्रसारणाची वेळ त्यांच्यासाठीही थांबणार नव्हती. अर्धवट मुखड्यांनी भरलेली वही पाहून कुणी काम देत नाही. दुसरा अंतरा लिहिताना खरा कस लागतो, कारण सांगायचं ते बहुधा पहिल्याच अंतऱ्यात संपलेलं असतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आज बहुतेक वेळा चाल आधी तयार होते आणि शब्द मागून येतात. संगीतकार फोनवर गुणगुणून पाठवतो, 'ला ला ला' किंवा काहीतरी डमी शब्द. ते ऐकल्या ऐकल्या मी शब्द शोधायला बसत नाही. आधी लघु-गुरू कागदावर उतरवते, सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे पडते तिथे खूण करते आणि जो स्वर लांबतो त्याच्यापुढे रेघ ओढते. या रेघेकडे नवे लोक लक्ष देत नाहीत.

एका पावसाच्या गाण्यात मुखड्याची ओळ मी लिहिली होती, 'उंबऱ्यावर पहिला थेंब'. मात्रा बरोबर, चित्र बरोबर. पण चालीतला शेवटचा स्वर चांगला चार मात्रा लांबत होता आणि 'ब'वर ओठ मिटतात. गायिका 'थेंऽऽऽ' असं नाकात धरून बसली की ओळीतला पाऊसच जातो. शब्द तेच ठेवून क्रम फिरवला, 'उंबऱ्यावर थेंब पहिला'. आता शेवटी 'ला' आला, गळा मोकळा झाला. शिवाय 'थेंब'ला 'कोंब' सोडून धड यमक मिळत नव्हतं, 'पहिला'ला 'राहिला', 'वाहिला', 'साहिला' अशी रांग लागली आणि पुढचे दोन्ही अंतरे सुटले. कवितेत पहिली ओळ कदाचित जास्त चांगली असेल. गाण्यात दुसरीच.

म्हणून लिहिलेलं प्रत्येक गाणं मोठ्यानं गाऊन बघा. सूर लागत नसला तरी चालेल, जीभ कुठे अडखळते ते कळतं. जलद लयीत 'स्पर्श', 'स्वप्न' यांसारखी जोडाक्षरं एकापाठोपाठ आली की गायकाचा श्वास तुटतो. केरवा, दादरा, रूपक हे ताल हातावर मोजता आले पाहिजेत, त्यासाठी एखाद्या तबलजीकडे थोडे दिवस बसा. सरावासाठी जुन्या गाण्यांच्या चाली घ्या, त्यांवर स्वतःचे शब्द लिहा आणि ते वहीतच ठेवा. गावात भजनी मंडळ असेल तर तिथे जाऊन बसा. ओळखीच्या चालीवर नवं भजन बसवण्याचं काम ही मंडळी पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत आणि शब्द चालीत बसला नाही की तिथे पखवाजवाला लगेच मान हलवतो.

संगीतकार शोधताना नावाजलेल्यांच्या मागे धावण्यात वर्षं घालवू नका. आपल्याच वयाचे, आपल्यासारखेच धडपडणारे शोधा. पुण्यात कॉलेजात असाल तर फिरोदिया करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसारखी दुसरी जागा नाही. संहितेत गाणी हवीच असतात, संगीत रंगमंचावर जिवंत वाजतं आणि प्रेक्षकांपर्यंत शब्द पोचला की नाही ते त्याच संध्याकाळी कळतं. इतर गावांत एकांकिका, बालनाट्य, स्थानिक जाहिरातींच्या जिंगल, मंडळांची गणपतीची गाणी आहेत. गणपतीच्या गाण्यांची बोलणी उन्हाळ्यात सुरू होतात, श्रावणात विचारायला गेलात तर उशीर झालेला असतो.

पहिली काही वर्षं नुसत्या गाण्यांवर भागणार नाही, हे घरच्यांनाही मोकळेपणानं सांगा. शांता शेळके कॉलेजात शिकवत होत्या, गदिमांनी पटकथा-संवाद लिहिले. नोकरी किंवा लिखाणाचं दुसरं काम हाताशी असलं की वाईट अटींना नाही म्हणायची ताकद येते.

आणि अटी वाचायच्याच. एका कंपनीनं मला पाठवलेल्या करारात 'सर्व हक्क, कायमचे, रॉयल्टीसह' असं एका ओळीत लिहून मोकळे झाले होते. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, जावेद अख्तरांनी राज्यसभेत त्यासाठी जोर लावला होता. त्यानंतर सिनेमातल्या गाण्याचा चित्रपटगृहाबाहेर वापर झाला तर रॉयल्टीतला समान वाटा मिळण्याचा गीतकाराचा हक्क करारानं काढून घेता येत नाही. तो फक्त वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. मी कायद्यावर बोट ठेवून उत्तर पाठवलं आणि ती ओळ निघाली. हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीचाच लागतो. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, म्हणून मुदतीचा रकाना आधी बघा.

गाणं कुणाला ऐकवण्याआधी स्क्रीनरायटर्स असोसिएशन या लेखकांच्या संघटनेकडे त्याची नोंद करा. गीतकारांनाही तिथे सभासद होता येतं आणि नोंदणी ऑनलाइन होते. गाणी प्रदर्शित व्हायला लागली की आयपीआरएस, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचं सभासदत्व घ्या. सभासद झालं की काम संपलं असं नाही, प्रत्येक गाणं तिथे वेगळं नोंदवावं लागतं. नाव सगळीकडे एकाच पद्धतीनं लिहा. एका ठिकाणी आडनाव, दुसरीकडे टोपणनाव असलं की पैसे कुणाचे हे जुळवणं अवघड होतं. गाणं ॲपवर चढवताना गीतकाराचा रकाना कोण भरणार हे संगीतकाराला आधीच विचारा, नाहीतर तो रिकामा राहतो.

मुंबईला कधी जायचं, हाही प्रश्न नेहमीचा. चाली फोनवर येतात, शब्द फोनवर जातात, त्यामुळे सांगली-लातूरला राहूनही कामं होतात. मात्र ध्वनिमुद्रणाच्या दिवशी स्टुडिओत हजर असणाऱ्याला जागेवर ओळ बदलता येते आणि संगीतकार पुढचं काम त्यालाच सांगतो. तेव्हा निदान दोन संगीतकार स्वतःहून चाल पाठवू लागले आणि सहा महिन्यांचं भाडं गाठीला असलं की मग जा. तोवर ध्वनिमुद्रणापुरतं रात्रीच्या गाडीनं येणं-जाणं पुरतं.