जुन्या काउंटी प्लेयरचं छोटं करिअर कसं वाचायचं

भुसावळच्या उन्हात दुपारी ग्राउंडवर कोण जातंय भो, त्यापेक्षा मोबाईलवर जुने स्कोअरकार्ड उघडा. सुरुवातीला पर्सी जीव्ज घ्या, इंग्लंडमधल्या वॉरविकशायर काउंटीचा (काउंटी म्हणजे तिकडचा जिल्हा, त्याची टीम) ऑलराउंडर. सर्चमध्ये नुसतं नाव टाकलं तर पी. जी. वुडहाऊसच्या विनोदी कादंबऱ्यांतला जीव्ज नावाचा हुशार नोकरच येतो (त्याला नाव ह्याच्यावरूनच पडलंय), म्हणून सोबत काउंटीपण टाका.

एकूण आकडे बघा, ५० फर्स्ट क्लास मॅच, १९९ विकेट, म्हणजे मॅचला जवळपास चार. पण तिथं थांबू नका, सीझन वेगवेगळे करा, खरी मजा तिथंच. हा पठ्ठ्या जन्मानं यॉर्कशायरचा, त्यामुळे वॉरविकशायरकडून काउंटी चॅम्पियनशिप खेळायला आधी तिथं राहून क्वालिफाय व्हावं लागलं, म्हणून १९१२ जवळपास रिकामं आणि १९१३ ला एकदम शंभरावर विकेट! १९१४ मध्ये लंडनच्या ओव्हल ग्राउंडवर जेंटलमेन (हौशी खेळाडू) विरुद्ध प्लेयर्स (पैसे घेऊन खेळणारे) मॅचमध्ये प्लेयर्सकडून पण खेळला.

पुढं आकडे एकदम बंद, तर फॉर्म गेला असं धरू नका, तारखा बघा. पहिलं महायुद्ध. २२ जुलै १९१६ ला सोम नदीजवळच्या लढाईत गेला, वय २८. बॉडी सापडली नाही, नाव फ्रान्समधल्या थिएपवालच्या स्मारकावर आहे.