अंगणवाडीत दुधाच्या दातांची कीड थांबवताना

'हे दात पडणारच आहेत, मग उपचार कशाला?' हा प्रश्न माता बैठकीत हमखास येतो. दुधाच्या मागच्या दाढा दहा-बारा वर्षे वयापर्यंत टिकायच्या असतात आणि कीड आतल्या नसेपर्यंत पोहोचली की मूल नीट जेवत नाही, झोपत नाही, हे उत्तर अंगणवाडीत दात तपासून औषध लावण्याच्या उपक्रमाच्या आधीच द्यावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून होणाऱ्या तपासणीत दंतक्षयाचा (दातांच्या किडीचा) समावेश आहे. त्या पथकाच्या भेटीला जोडूनच दंतवैद्यांचा दिवस ठरवल्यास पालकांची मजुरी दोनदा बुडत नाही.

तपासताना आई आणि दंतवैद्य यांनी गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसावे व मुलाचे डोके दंतवैद्यांच्या मांडीवर घ्यावे. वरचा ओठ उचलून हिरडीलगत पाहावे. तेथे खडूसारखे पांढरे पट्टे दिसले, तर कीड नुकतीच सुरू झालेली असते आणि फ्लोराइड व्हार्निशने (दातांवर लावायच्या फ्लोराइडच्या लेपाने) ती परतवता येते.

खड्डा पडला असेल, पण वेदना किंवा सूज नसेल, तर ३८ टक्के सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे कीड थांबवणारे, चांदीयुक्त द्रव औषध वापरता येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. यात ना सुई, ना ड्रिल, ना वीज लागते: दात कापसाने कोरडा करून, ओठांना व्हॅसलीन लावून, दंतवैद्य छोट्या ब्रशने औषध सुमारे मिनिटभर लावतात. मात्र किडलेला भाग कायमचा काळा पडतो. त्याची छायाचित्रे पालकांना दाखवल्याशिवाय संमती घेऊ नये; समोरच्या दातांबाबत तर घरी विचार करायला वेळ द्यावा, कारण न सांगता काळा झालेला एक दात साऱ्या वस्तीचा विश्वास घालवतो. चांदीची ॲलर्जी किंवा तोंडात जखमा असल्यास हे औषध टाळावे.

रात्री ठणकणारा दात किंवा हिरडीवरची पुळी दिसल्यास मुलाला जिल्हा रुग्णालयात पाठवावे. चेहरा सुजून ताप असेल, तर त्याच दिवशी.

घरी झोपताना दुधाची बाटली तोंडात राहू देऊ नये. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढीच फ्लोराइडयुक्त पेस्ट पुरते. चंद्रपूर, यवतमाळसारख्या जिल्ह्यांत काही गावांच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असते, म्हणून तेथे दंतवैद्यांना विचारूनच पेस्ट ठरवावी.

एकदा लावलेल्या औषधावर थांबू नये. सहा महिन्यांनी ते पुन्हा लावावे लागते, म्हणून प्रत्येक मुलाचे नाव, दात आणि पुढची तारीख सेविकेच्या नोंदवहीत त्याच दिवशी लिहावी आणि स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांना त्या नोंदीची प्रत द्यावी.